लॅपटॉपवर उघडणारी फ्लास्कची साइट त्याच वायफायवरच्या मोबाइलवर का उघडत नाही?

तुम्ही लिहिलंय की फ्लास्कने (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन) बनवलेली साइट लॅपटॉपवर १२७.०.०.१:५००० या पत्त्यावर व्यवस्थित उघडते, पण मोबाइलवर लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला की क्रोम बराच वेळ फिरत राहतं आणि शेवटी 'टाइम्ड आउट' म्हणतं. विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी व्यवस्था) बंद केली तर लगेच 'रिफ्यूज्ड' आलं, म्हणून तुमच्या मते काहीच फरक पडला नाही.

फरक पडलाय, आणि तुमचं उत्तर त्या फरकातच आहे.

'टाइम्ड आउट' म्हणजे मोबाइलने हाक मारली आणि पलीकडून ओ आलीच नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे ओ आली, पण "या पोर्टवर कोणी बसलेलं नाही" अशी. (पोर्ट म्हणजे पत्त्यात कोलननंतर येणारा आकडा, इथे ५०००.) तुम्ही फक्त लॅपटॉपची फायरवॉल बदललीत आणि संदेश बदलला. म्हणजे हाक लॅपटॉपपर्यंत पोचते आहे. वायफाय ठीक, आयपी ठीक, राउटरही आडवा येत नाहीये. फायरवॉल चालू असताना विंडोज अशा हाकेला नकारसुद्धा कळवत नाही, गप्प राहते, म्हणून आधी नुसतीच वाट पाहावी लागत होती.

मग लॅपटॉपवर सर्व्हर चालू असूनही "कोणी नाही" का? कारण वेगळं काही सांगितलं नाही तर फ्लास्क फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो. हा पत्ता प्रत्येक मशीनचा स्वतःपुरता असतो, बाहेरून तिथे कोणी पोचू शकत नाही. (मोबाइलवर १२७.०.०.१ टाकलं तर तो स्वतःतच सर्व्हर शोधतो.) खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट ही (कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवणारी) कमांड ए, एन, ओ हे पर्याय देऊन चालवा आणि ५००० ची 'लिसनिंग' असलेली ओळ शोधा. तिथे १२७.०.०.१:५००० दिसेल. आपल्याला ०.०.०.०:५००० दिसायला हवंय, म्हणजे मशीनच्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर ऐकणारा सर्व्हर.

त्यासाठी 'फ्लास्क रन' या कमांडला होस्ट (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) म्हणून ०.०.०.० द्या. पायथनची फाइल थेट चालवत असाल तर ॲपच्या 'रन'च्या कंसात तोच होस्ट लिहा. इथे बरेच जण अडकतात: कंसात होस्ट लिहितात आणि सर्व्हर मात्र 'फ्लास्क रन'ने सुरू करतात. तसं केलं तर कंसातलं काही वाचलंच जात नाही. बदलानंतर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा आणि नेटस्टॅटची ओळ पुन्हा बघा. ती ओळ बदलल्याशिवाय मोबाइल हातात घेऊ नका.

आता फायरवॉल पुन्हा चालू करा, कृपा करून. ती बंद ठेवून कॉलेजातल्या डेमोला जाऊ नका. पायथनने पहिल्यांदा परवानगी मागितली तेव्हा 'कॅन्सल' दाबलं गेलं असेल, तर विंडोजने पायथनला अडवणारा नियम कायमचा करून ठेवलेला असतो. नंतर परवानगीचा नियम जोडला तरी अडवणाराच वरचढ ठरतो. फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये 'इनबाउंड रूल्स'मध्ये पायथनच्या नावापुढे लाल खूण दिसली तर तो नियम काढून टाका. घरच्या वायफायचं प्रोफाइल 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा.

मोबाइलवर पत्ता टाकताना सुरुवातीला एचटीटीपी आणि शेवटी पोर्ट, दोन्ही पूर्ण लिहा. चुकून एचटीटीपीएस लागलं की फ्लास्कच्या टर्मिनलमध्ये 'बॅड रिक्वेस्ट' आणि विचित्र अक्षरं उमटतात. तशी अक्षरं दिसली तर घाबरू नका, मोबाइल पोचलाय एवढाच त्यांचा अर्थ.

डेमो कॉलेजात आहे म्हणालात, त्याची मला जास्त काळजी वाटते. कॉलेजच्या आणि हॉस्टेलच्या वायफायवर अनेकदा एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू देत नाहीत. तिथे वरचं सगळं बरोबर असूनही पुन्हा 'टाइम्ड आउट' येईल. म्हणून आजच मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडून बघा. जोडणी बदलली की आयपीही बदलतो, तेव्हा आयपीकॉन्फिग (लॅपटॉपचा आयपी दाखवणारी कमांड) नव्याने चालवा आणि वायफाय ॲडॅप्टरखालचाच आकडा घ्या. व्हर्च्युअलबॉक्स असेल तर १९२.१६८.५६.१ असाही एक पत्ता दिसतो, तो आपला नव्हे.

आयपी बदलण्याचा फटका मी खाल्लाय. ओळखीच्या एका दुकानदाराला बिलांचं छोटं ॲप करून दिलं होतं. रात्री वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि सकाळी टॅबलेटवर काहीच उघडेना. मी दोन रात्री पायथन काढून पुन्हा घालत बसलो. राउटरने लॅपटॉपला नवा आयपी दिला होता, इतकंच. राउटरमध्ये त्या लॅपटॉपसाठी आयपी राखून ठेवल्यापासून तक्रार आलेली नाही.

आणखी एक, हे विसरू नका: ०.०.०.० वर ऐकताना डीबग मोड (कोडमधल्या चुका शोधायची फ्लास्कची सोय) बंद ठेवा. तो चालू असेल तर एरर आल्यावर दिसणाऱ्या पानावर उघडणाऱ्या कन्सोलमधून तुमच्या लॅपटॉपवर हवा तो कोड चालवता येतो. मध्ये एक पिन असतो, पण कॉलेजच्या नेटवर्कवर तेवढ्यावर विसंबू नका.

एवढं करूनही अडलं तर नेटस्टॅटची ५००० ची ओळ आणि मोबाइलवरचा नेमका संदेश इथे लिहा. त्या दोन गोष्टींवरून पुढचं सांगता येईल.