टेबलाखालची डिस्क

टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा बॅकअप म्हणून रोज एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घेत असाल तर झकास. पण ती डिस्क दिवसभर कॉम्प्युटरलाच लावलेली, घोळ तिथे आहे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरला तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते. कॉपी झाली की इजेक्ट करा, कपाटात ठेवा.

आणि एक डिस्क दुसऱ्या घरी हवीच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा माझा सीपीयू आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली, दोन्ही गाळात. वाचली ती मांजलपूरला बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरची, तीही तीन आठवडे जुनी. मधली बिलं वह्या उन्हात वाळवून पुन्हा चढवली, पानं एकमेकांना चिकटलेली. आता दर रविवारी डिस्कांची अदलाबदल, सोबत भाकरवडीचा पुडा.

गूगल ड्राइव्ह सिंक ठेवा, पण विसंबू नका: इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते, ट्रॅशमध्ये राहते ती 30 दिवस. जुना पेनड्राइव्ह तर नकोच. त्याचा फॉरमॅट जुना फॅट32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही.

महिन्यातून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर बॅकअप रिस्टोअर करून मागच्या आठवड्याचं एखादं बिल उघडून बघा. माझं दोनदा उघडलं नाही. केबल ढिली होती, कॉपी अर्धवटच झालेली.