वाचकांचे प्रश्न : ‘ओशीन’ या आयरिश नावाची कुळकथा

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई काही वर्षांपासून आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहतात. त्यांना नुकताच मुलगा झाला असून त्याचे नाव ‘ओशीन’ ठेवायचे, असे दोघांनी ठरवले आहे. आमच्या घरात मात्र या नावावरून बरीच चर्चा चालू आहे. कोणी म्हणतात, हे तर जपानी मुलीचे नाव. कोणी विचारतात, हे ख्रिस्ती संताचे नाव आहे का. मुलीने रोमन लिपीत लिहून पाठवलेले नाव आम्ही ‘ओइसिन’ असे वाचले होते. या नावाचा उगम काय, तिकडचे लोक ते आवडीने का ठेवतात आणि त्याचा उच्चार कसा करावा, हे कृपया सविस्तर सांगावे.
— एक आजी, सातारा

उत्तर : सर्वप्रथम नातवाबद्दल आपले मनापासून अभिनंदन. जपानी नावाशी या नावाचा काहीही संबंध नाही. जपानच्या एनएचके वाहिनीवर १९८३ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे अनेक देशांत गाजलेल्या मालिकेच्या नायिकेचे नाव उच्चाराला असेच होते, त्यावरून हा समज झाला असावा. आयर्लंडमध्ये ओशीन हे मुलाचेच नाव आहे. जुन्या आयरिश भाषेत ‘ओस’ म्हणजे हरीण. त्याला लाडाचा ‘ईन’ हा प्रत्यय लागला की लहानगे हरीण, म्हणजेच पाडस, असा अर्थ होतो. परंतु एवढ्या अर्थावरून हे नाव समजत नाही, कारण त्यामागे एक संपूर्ण कथा उभी आहे आणि आयरिश माणसाच्या मनात नावाबरोबर ती कथाच जागी होते.

आयर्लंडच्या प्राचीन वीरकथांमध्ये फिन मॅक कूल आणि त्याच्या ‘फियाना’ नावाच्या योद्ध्यांच्या कथांचे मोठे चक्र आहे. डब्लिनच्या पश्चिमेस किल्डेअर परगण्यात अ‍ॅलन नावाची टेकडी आहे, तेथे फिनचे ठाणे होते असे मानतात. एकदा शिकारीत त्याच्या ब्रान आणि श्कोलन या दोन कुत्र्यांनी एका हरिणीला गाठले, पण तिला इजा करण्याऐवजी ते तिच्याभोवती खेळू लागले. फिनने तिला ठाण्यावर आणले, तेव्हा त्या रात्री ती साईव्ह नावाची तरुणी होऊन त्याच्यासमोर उभी राहिली. एका दुष्ट ड्रुइडाला, म्हणजे त्या काळच्या पुरोहित-मांत्रिकाला, तिने नकार दिला होता आणि त्याने सूडाने तिला हरिणीचे रूप दिले होते. फिनच्या ठाण्यात त्या मंत्राचा प्रभाव चालत नसे. दोघांचा विवाह झाला. पुढे फिन समुद्रावरून आलेल्या शत्रूंशी लढायला गेला असताना त्या ड्रुइडाने फिनचेच रूप घेऊन तिला ठाण्याबाहेर बोलावले आणि पुन्हा हरिणी करून नेले. फिनने सात वर्षे तिचा शोध घेतला. ती सापडली नाही. अखेर स्लायगो परगण्यातील बेन बुल्बिन या डोंगरावर त्याच्या कुत्र्यांना एक उघडावाघडा मुलगा सापडला. आपल्याला एका हरिणीने वाढवले, असे तो बोलायला शिकल्यावर सांगू लागला. फिनने त्याच्या चेहऱ्यावरून साईव्हला ओळखले आणि त्याचे नाव ओशीन ठेवले. काही लोककथांत असे सांगतात की, आईने त्याचे कपाळ जेथे चाटले होते तेथे हरिणाच्या केसांचा एक झुबका उगवला होता. म्हणजे परत न आलेल्या आईची खूण मुलाच्या नावात आणि कपाळावर अशी दोन ठिकाणी राहिली. माझ्या मते या नावाचे पहिले आकर्षण हेच आहे. वीरपुरुषांची नावे बहुधा पित्याचा पराक्रम मिरवतात, हे नाव मात्र आईचे आहे.

ओशीन मोठा होऊन फियानांचा योद्धा आणि कवी झाला. त्याच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा त्याच्या प्रवासाची आहे. किलार्नीजवळच्या ‘लॉख लेन’ या सरोवराकाठी फियाना शिकार करीत असताना पांढऱ्या घोड्यावर बसून नीव्ह नावाची सोनेरी केसांची राजकन्या आली आणि त्याला समुद्रापलीकडच्या ‘तीर ना नोग’ या चिरतारुण्याच्या देशात घेऊन गेली. (आयर्लंडमधील मूळच्या तांबड्या हरणांचा एकमेव कळप आजही याच किलार्नीच्या रानात टिकून आहे. कॉर्कहून किलार्नी फार लांब नाही. नातू चालता झाला की त्याला तेथे अवश्य नेण्यास सांगावे.) तीन वर्षे झाली असे त्याला वाटले, प्रत्यक्षात आयर्लंडमध्ये तीनशे वर्षे लोटली होती. आपल्याकडे ककुद्मी राजा कन्या रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परतेपर्यंत पृथ्वीवर युगे उलटून गेली होती, त्या पुराणकथेची येथे आठवण होते. मायदेशी परतताना ओशीनला मात्र घोड्यावरून पाय खाली टेकवायचा नाही, एवढी ताकीद होती. डब्लिनच्या दक्षिणेकडील ग्लेनस्मोल या खोऱ्यात काही माणसे एक मोठा दगड हलवू पाहत होती. त्यांना मदत करण्यासाठी तो वाकला, खोगिराचा पट्टा तुटला आणि जमिनीला स्पर्श होताच तो जराजर्जर, आंधळा म्हातारा झाला. ही कथा आज ज्या रूपात सांगितली जाते, ते मुख्यतः अठराव्या शतकाच्या मध्यास क्लेअर परगण्यातील मिहाल कोमीन या कवीने रचलेल्या आयरिश काव्यातून आले आहे.

आता ख्रिस्ती धर्माचा प्रश्न. कथेतील ओशीन ख्रिस्तपूर्व श्रद्धांच्या जगातील आहे. या नावाचे काही प्राचीन आयरिश संतही होऊन गेले, त्यामुळे चर्चलाही हे नाव परके नाही. परंतु कोणत्याही एका पंथाची मुद्रा त्याच्यावर नाही आणि आपल्या घरात ते ठेवण्यास त्या बाजूने अडचण दिसत नाही. उलट या दोन जगांची भेट हाच ओशीनच्या कथेचा गाभा आहे. इ. स. १२०० च्या सुमारास आयरिश भाषेत रचल्या गेलेल्या एका मोठ्या ग्रंथात फियानांपैकी मागे उरलेले दोन वृद्ध, कीलते आणि ओशीन, आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या संत पॅट्रिकला भेटतात. तेथे कीलते पॅट्रिकबरोबर हिंडत एकेक डोंगर, झरा आणि थडगे यांची नावे कशी पडली, ते सांगत जातो. नंतरच्या शतकांत लोकगीतांत ही भूमिका ओशीनकडे आली आणि तो पॅट्रिकशी चक्क वाद घालू लागला. तुझ्या घंटेच्या नादापेक्षा डेरीकार्नच्या राईतल्या कस्तुर पक्ष्याचे गाणे मला गोड वाटते, अशा आशयाचे त्याचे बोल आयरिश भाषकांनी पिढ्यान्‌पिढ्या गायले. आपले सर्व सोबती गेले, काळ बदलला, राज्य दुसऱ्याचे आले, तरी जे पाहिले ते सांगत राहणारा माणूस म्हणजे ओशीन. ज्याची भाषा मागे रेटली गेली, त्या समाजाला हा म्हातारा साक्षीदार इतका जवळचा का वाटला असेल, हे समजणे कठीण नाही.

हे नाव प्राचीन असले तरी त्याचा वापर अखंड चालत आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. मध्ययुगात ते प्रचारात होते, याचा उत्तम पुरावा म्हणजे ‘होशीन’ हे आडनाव, ज्याचा अर्थ ओशीनचा वंशज. ११५२ च्या केल्स येथील धर्मसभेनंतर पश्चिम आयर्लंडमधील ट्यूमचा पहिला आर्चबिशप झालेला एड उआ होशीन याच आडनावाचा होता. नंतर इंग्रजी सत्ता घट्ट होत गेली, तसतशी आयरिश नावे कागदोपत्री इंग्रजी साच्यात बसवली गेली आणि जॉन, विल्यम, जेम्स यांच्या गर्दीत ओशीनसारखी नावे गीतांपुरती उरली. १८९३ मध्ये आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाली. त्याच्या आधी, १८८९ मध्ये, कवी यीट्स यांनी ओशीनच्या प्रवासावर दीर्घकाव्य प्रसिद्ध केले होते. १९२२ नंतर स्वतंत्र राज्याच्या शाळांमधून आयरिश भाषा आणि तिच्या कथा सर्व मुलांपर्यंत पोहोचल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आईवडील हे नाव मोकळेपणाने ठेवू लागले. आता ते आयर्लंडमध्ये मुलांच्या आवडत्या नावांपैकी एक आहे. घोड्यांच्या शर्यतीतील नामवंत जॉकी ओशीन मर्फी हे मूळचे किलार्नीचेच आहेत. म्हणजे आपल्या नातवाला वर्गात या नावाचा आणखी एखादा मुलगा भेटण्याचा संभव आहे, आणि नाव तिकडे कोणाला विचित्र मुळीच वाटणार नाही.

उच्चाराबाबत काळजी नसावी. आयरिश लेखनात ‘स’चे अक्षर ‘इ’ किंवा ‘ए’ यांच्या शेजारी आले की त्याचा ‘श’ होतो. शॉन आणि शिनेड ही नावे याच नियमाने उच्चारली जातात. पहिला स्वर कोठे ‘ओ’कडे, कोठे ‘उ’कडे झुकतो, त्यामुळे ‘उशीन’ही ऐकू येईल आणि तेही बरोबरच आहे. कॉर्क ज्या मन्स्टर प्रांतात आहे, तेथील आयरिश बोलीत दुसऱ्या दीर्घ अक्षरावर जोर देतात. रोमन लिपीत शेवटच्या ‘आय’वर जी तिरकी रेघ येते तिला ‘फाडा’ म्हणतात. स्वर दीर्घ करणे हे तिचे काम असल्याने देवनागरीत ‘शी’ची वेलांटी दीर्घच ठेवावी. आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी तीन महिन्यांच्या आत करावी लागते. त्या वेळी फाडा नीट लिहिला गेला आहे ना, हे मुलीने व जावयाने स्वतः पाहून घ्यावे, कारण काही संगणकप्रणाली ही खूण गाळतात, अशी आयरिश लोकांचीही जुनी तक्रार आहे.

प्रश्न : युरोपीय साहित्याच्या अभ्यासात ‘ऑशियन’ या कवीचे नाव वारंवार येते आणि नेपोलियनला तो प्रिय होता असे वाचले. ऑशियन आणि ओशीन एकच का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : व्यक्तिरेखा एकच, पण काव्य निराळे. फियानांच्या कथा आयर्लंडइतक्याच स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक भाषकांमध्येही रुजलेल्या होत्या. तेथील जेम्स मॅकफर्सन यांनी १७६० पासून काही वर्षे इंग्रजीत जे लेखन प्रसिद्ध केले, ते आपण ऑशियन नावाच्या प्राचीन कवीच्या रचनांवरून अनुवादले आहे, असे त्यांनी सांगितले. इंग्रज समीक्षक व कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी या दाव्यावर कठोर टीका केली. आज अभ्यासकांचे सामान्यतः असे मत आहे की, मॅकफर्सन यांनी खरी गेलिक गीते काही प्रमाणात वापरली, परंतु त्या लेखनाचा मोठा भाग त्यांचा स्वतःचा होता. युरोप मात्र या काव्याने भारावून गेला. नेपोलियनच्या रोममधील शयनकक्षासाठी चित्रकार अँग्र यांनी १८१३ मध्ये ऑशियनच्या स्वप्नाचे चित्र रंगवले. आयरिश विद्वानांना या प्रकाराचा राग येणे स्वाभाविक होते, कारण त्यांच्या हस्तलिखितांतील जिवंत कथा बाजूला राहून एक धूसर, उदास ऑशियन जगापुढे गेला होता. माझाही कल मूळ आयरिश गीतांकडेच आहे. तेथला ओशीन हट्टी आहे, विनोदी आहे, भुकेलाही होतो आणि पॅट्रिकच्या घरचे जेवण पुरत नाही म्हणून कुरकुरतो.

या लाटेने एका नावाला मात्र जगभर नेले. कथेत ओशीनच्या मुलाचे नाव ऑस्कर आहे. नेपोलियन हा धर्मपिता असलेल्या, १७९९ मध्ये जन्मलेल्या एका मुलाला हे नाव मिळाले आणि तो पुढे स्वीडनचा राजा पहिला ऑस्कर झाला. १८५४ मध्ये डब्लिनमध्ये जन्मलेल्या ऑस्कर वाइल्ड यांच्या पूर्ण नावात ऑस्करच्या पाठोपाठ फिंगलही येते, आणि फिंगल हे मॅकफर्सन यांच्या काव्यातील फिनचेच नाव आहे. ओशीनच्या मुलाचे आणि वडिलांचे नाव असे युरोपभर फिरले, तरी ओशीन हे नाव आपल्या मूळ रूपात आयरिश भाषेच्याच प्रदेशात राहिले. आज इतर देशांत ते ऐकू आले, तर घर बहुधा आयरिश असते किंवा आयर्लंडशी जोडलेले असते.