प्रगत शारीरिक तपासणीत हृदयाचा पहिला आणि दुसरा ध्वनी वेगळा कसा ओळखावा?

पदव्युत्तर नर्सिंगच्या अभ्यासात हे दोन ध्वनी एकसारखेच वाटत असतील, तर स्टेथोस्कोप छातीवर ठेवून दुसऱ्या हाताने मानेतील कॅरोटिड नाडी चाचपावी. नाडीच्या ठोक्याबरोबर जो ऐकू येतो तो पहिला ध्वनी. मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटताना हा ध्वनी उमटतो आणि आकुंचन पावणारे निलय (हृदयाचे खालचे दोन कप्पे) लगेच रक्त धमनीत ढकलतात, म्हणून दोन्ही जवळजवळ एकत्र जाणवतात. मनगटावरची नाडी मात्र किंचित उशिरा लागते, त्यामुळे ती या कामी घेऊ नये. कॅरोटिड एका वेळी एकाच बाजूची आणि हलक्या हाताने चाचपावी.

एवढे पक्के झाल्यावरच तिसऱ्या आणि चौथ्या ध्वनीकडे वळावे. ते खालच्या पट्टीतले असल्याने रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, हृदयशिखराशी (हृदयाच्या खालच्या टोकाशी), बेलने म्हणजे स्टेथोस्कोपच्या वाटीसारख्या बाजूने ऐकावे लागतात. बेल त्वचेवर केवळ टेकवावी: ती दाबली की खालची ताणलेली त्वचाच डायफ्रामसारखी (स्टेथोस्कोपच्या सपाट पडद्यासारखी) वागते आणि नेमका हवा तो आवाज नाहीसा होतो (शिकाऊंची ही चूक फार नेहमीची आहे).

तिसरा ध्वनी ऐकू आला म्हणून तो आजारच, असे मात्र लिहू नये. मुलांमध्ये, तरुणांमध्ये आणि गरोदर स्त्रियांमध्ये तो स्वाभाविक असू शकतो, तेव्हा वय, लक्षणे आणि पूर्वेतिहास यांच्यासह त्याची नोंद करावी.