साथीत विमानप्रवास कोणत्या देशाने जास्त सांभाळला? नागपूरहून उडणाऱ्यासाठी हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोरोनात अमेरिकेने देशांतर्गत विमानं एक दिवसही बंद केली नाहीत, आपण दोन महिने सगळी जमिनीवर ठेवली, ऑस्ट्रेलियाने तर जवळजवळ दोन वर्षं दार लावून घेतलं. यात विमानप्रवासाचं नुकसान कमी कुठे झालं, आणि पुन्हा अशी वेळ आली तर नागपूरहून परदेशी जाणाऱ्याने तिकीट काढताना काय पाहायचं?

माझं मत आधी सांगतो. विमानं किती दिवस बंद होती, यावरून नुकसान मोजू नका. उतरल्यावर प्रवासी किती दिवस अडकणार होता आणि नियम बदलण्याआधी किती तास हातात मिळत होते, हे पाहा. या दोन गोष्टींनी प्रवास जेवढा मारला, तेवढा बंदीच्या आदेशांनी मारला नाही.

अमेरिकेचंच बघा. बाहेरून येणाऱ्यांवर निर्बंध होते: २ फेब्रुवारी २०२० पासून चीनमधून, १३ मार्चपासून युरोपातल्या शेंगेन देशांतून येणाऱ्या परदेशी नागरिकांवर. देशाच्या आत मात्र कोणीही कुठेही उडू शकत होतं. तरी १४ एप्रिल २०२० ला तिथल्या सगळ्या विमानतळांवर मिळून सुरक्षा तपासणीतून फक्त ८७,५३४ माणसं गेली. आदल्या वर्षी त्याच सुमारास हा आकडा दिवसाला २२ लाखांच्या आसपास होता. म्हणजे बंदी नसतानाही ९६ टक्के प्रवासी घरी बसले. भीतीच तेवढी होती. जगभरात २०१९ मध्ये साधारण ४५० कोटी प्रवासी उडाले, २०२० मध्ये १८० कोटी. ही घसरण कमीअधिक सगळ्यांच्याच वाट्याला आली. देशादेशांतला खरा फरक दिसतो तो नंतर, उघडताना.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमित उड्डाणं २२-२३ मार्चला थांबली, देशांतर्गत २४ मार्चच्या मध्यरात्री. देशांतर्गत उड्डाणं २५ मे २०२० ला पुन्हा सुरू झाली, तीही एक तृतीयांश क्षमतेवर. त्या पहिल्याच दिवशी सुमारे ६३० उड्डाणं रद्द झाली आणि ५३२ झाली. विमानं तयार होती, वैमानिक तयार होते, तिकिटं विकली गेली होती. पण कोण किती विमानं उतरू देणार आणि उतरलेल्याचं काय करणार, हे अनेक राज्यांनी आदल्या रात्रीपर्यंत ठरवलंच नव्हतं. मुंबईला २५ येणारी, २५ जाणारी एवढीच परवानगी मिळाली. महाराष्ट्रात उतरणाऱ्याच्या डाव्या हातावर चौदा दिवसांच्या गृहविलगीकरणाचा न पुसणारा शिक्का बसत होता. आठवड्याच्या आत परत जाणाऱ्याला त्यातून सूट होती, मात्र परतीचा तपशील द्यावा लागे. त्याच वेळी कर्नाटकाने महाराष्ट्रासह सहा राज्यांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण लावलं. आता नागपूरहून दोन दिवसांच्या कामासाठी बंगळुरूला जाणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तिकीट चार हजारांचं असो की आठ, तो सात दिवस हॉटेलच्या खोलीत बसायला जाणारच नाही. विमान सुरू आहे आणि रिकामं आहे, ही अवस्था बंदीपेक्षा कंपनीला महाग पडते. इंधन, पार्किंग, पगार सगळं चालू आणि गल्ल्यात काही नाही.

नागपूरसाठी सगळ्यात बोलकं उदाहरण कोलकात्याचं आहे. पश्चिम बंगालने ६ जुलै २०२० पासून सहा शहरांतून कोलकात्याला येणारी थेट उड्डाणं बंद केली: दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, अहमदाबाद आणि नागपूर. सुरुवातीला १९ जुलैपर्यंत म्हटलं, मग ती तारीख पुढे पुढे जात ऑगस्टअखेरपर्यंत गेली. १ सप्टेंबरपासून आठवड्यातून तीन दिवस परवानगी मिळाली. केंद्राने आकाश उघडलं होतं, राज्याने एक मार्ग बंद केला होता. ऑस्ट्रेलियातही हेच झालं: पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने आपली सीमा ३ मार्च २०२२ पर्यंत बाकी देशासाठीसुद्धा पूर्ण उघडली नाही. देशाचं धोरण वाचताना त्यातल्या राज्यांचं धोरण वेगळं वाचावं लागतं, ते यासाठी.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे तर तिथलं एक गणित जवळून पाहण्यासारखं आहे. २० मार्च २०२० ला परदेशींना दार बंद, २५ मार्चपासून स्वतःच्या नागरिकांनाही परवानगीशिवाय देशाबाहेर पडायला मनाई. परतणाऱ्याला चौदा दिवस हॉटेलात राहणं सक्तीचं. हॉटेलच्या खोल्या मोजक्या, म्हणून जुलै २०२० पासून किती माणसं उतरू द्यायची यावर मर्यादा आली. ही मर्यादा विमानांच्या संख्येवर असती तर कंपन्यांनी विमान भरून आणलं असतं. ती माणसांवर होती. त्यामुळे तीनशे आसनांच्या विमानात तीसचाळीस प्रवासी बसू लागले, आणि एवढ्याच तिकिटांत खर्च काढायचा म्हणून कंपन्या आधी बिझनेस क्लास भरू लागल्या. इकॉनॉमीचं पक्कं तिकीट असलेला माणूस ऐनवेळी उतरवला जायचा, कित्येकदा एकाहून जास्त वेळा. मे २०२१ मध्ये तर भारतात चौदा दिवसांत राहून आलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही १५ तारखेपर्यंत प्रवेश बंद होता आणि मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. साथ रोखण्यात ऑस्ट्रेलियाने बरंच कमावलं, हे मान्य. पण परदेशात अडकलेल्या स्वतःच्या माणसांशी ते फार कठोर वागले, असं मला ठामपणे वाटतं.

चीनची रीत आणखी वेगळी. २९ मार्च २०२० पासून नियम असा, की प्रत्येक विमान कंपनीने एका देशासाठी एकच मार्ग ठेवायचा आणि आठवड्याला एकच फेरी. ८ जूनपासून त्यावर आणखी एक कळ: एका विमानातले पाच प्रवासी बाधित निघाले तर तो मार्ग एक आठवडा बंद, दहा निघाले तर चार आठवडे. बाहेरचं दार असं जवळपास बंद. आत मात्र वाहतूक लवकर सावरली. २०२० मध्ये प्रवासीसंख्येत जगातला पहिल्या क्रमांकाचा विमानतळ ग्वांगझू ठरला, साधारण ४.३८ कोटी प्रवासी. पण सुटका उशिरा झाली. बाहेरून येणाऱ्यांचं विलगीकरण थेट ८ जानेवारी २०२३ ला संपलं.

ज्यांच्याकडे आतली वाहतूकच नाही त्यांचं काय? सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २०१९ मध्ये ६.८३ कोटी प्रवासी होते, २०२१ मध्ये जेमतेम ३० लाख. तिथलं प्रत्येक उड्डाण परदेशी, त्यामुळे दुसऱ्या देशाने दार लावलं की यांचं बंद. तरी सिंगापूरने एक शहाणपणाची गोष्ट केली. सप्टेंबर २०२१ पासून ब्रुनेई आणि जर्मनीपासून सुरुवात करून लस घेतलेल्यांसाठी ठरावीक उड्डाणं नेमली. विलगीकरणाऐवजी तपासण्या ठेवल्या आणि देश एकेक करून वाढवले. हाँगकाँग मात्र विलगीकरणाला चिकटून राहिलं, काही काळ हॉटेलातले २१ दिवससुद्धा. सक्तीचं हॉटेल तिथून २६ सप्टेंबर २०२२ ला गेलं. दोन्ही शहरं सारख्याच धंद्यावर जगणारी, पण पुन्हा उभं राहताना सिंगापूर स्पष्ट पुढे गेलं.

भारताची देशांतर्गत प्रवासीसंख्या २०१९ मध्ये १४.४ कोटी होती. ती २०२० मध्ये ६.३ कोटी, २०२१ मध्ये ८.४ कोटी, २०२२ मध्ये १२.३ कोटी झाली आणि २०२३ मध्ये १५.२ कोटींवर जाऊन जुना आकडा ओलांडला. यात मोठा हात आपल्या आतल्या बाजारपेठेचा. सरकारने क्षमतेला टप्प्याटप्प्याने मोकळीक दिली: ३३ टक्के, ४५, ६०, ७०, डिसेंबर २०२० मध्ये ८०. दुसऱ्या लाटेत १ जून २०२१ पासून पुन्हा ५०, आणि पूर्ण १०० टक्के १८ ऑक्टोबर २०२१ ला. भाड्याला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा होत्या. उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट पाडले होते. ६० ते ९० मिनिटांच्या गटाला सुरुवातीला ३,००० ते ९,००० रुपये, आणि ४० टक्के आसनं मधल्या दरापेक्षा, म्हणजे ६,००० पेक्षा, कमीत विकणं बंधनकारक. वरची मर्यादा लोकांच्या लक्षात राहिली. खालची मर्यादा मात्र कमी शिल्लक असलेल्या कंपन्यांना भाड्याच्या मारामारीत बुडण्यापासून वाचवत होती. हे बंधन ३१ ऑगस्ट २०२२ ला उठलं.

पैशाच्या मदतीत आपण अमेरिकेच्या जवळपासही नव्हतो. तिथे मार्च २०२० च्या कायद्याने विमान उद्योगातल्या फक्त पगारांसाठी ३२ अब्ज डॉलर दिले, त्यातली एक मुख्य अट ही की ३० सप्टेंबरपर्यंत कोणाला सक्तीने कमी करायचं नाही. जर्मनीने आपल्या लुफ्तान्सा विमान कंपनीला ९ अब्ज युरोंचं पॅकेज दिलं. ही मदत वाया गेली असं म्हणणाऱ्यांनी २०२२ चा युरोपातला उन्हाळा आठवावा. माणसं कमी केलेल्या विमानतळांवर सामान उचलायला, तपासणीला हात नव्हते, आणि नव्या माणसाची सुरक्षा पडताळणी व्हायला आठवडे लागतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाने जुलैत दिवसाला एक लाख निघणाऱ्या प्रवाशांची मर्यादा लावली आणि कंपन्यांना तिकीटविक्री थांबवायला सांगितलं. विमानतळ रिकामा करायला एक आदेश पुरतो. भरायला माणसं लागतात, आणि ती घरी पाठवलेली असतात.

विमानांचंही तसंच. उभं विमान म्हणजे कुलूप लावलेली गाडी नव्हे. इंजिनांना, वेग मोजणाऱ्या नळ्यांना झाकणं लावावी लागतात, चाकं ठरावीक दिवसांनी फिरवावी लागतात नाहीतर टायर एका बाजूने बसतात, टाकीतल्या इंधनात जंतू वाढू नयेत म्हणून औषध घालावं लागतं. जुलै २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने तातडीचा आदेश काढला, की सात दिवस किंवा जास्त उभ्या राहिलेल्या जुन्या बनावटीच्या बोइंग ७३७ च्या इंजिनातली हवेची एक झडप गंजून अडकते, ती तपासल्याशिवाय उडवू नका. वैमानिकालाही ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात, नाहीतर आधी सिम्युलेटर. म्हणून ‘उद्यापासून सुरू’ म्हटल्याने उद्या काही सुरू होत नाही. आपल्या मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या प्रकल्पात, विमान दुरुस्तीचा तळ आहे. तिथलं काम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता तिकिटाचं. साथीआधी नागपूरहून शारजा आणि दोह्याला थेट जाता यायचं. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं २७ मार्च २०२२ ला सुरू होईपर्यंत बहुतेक परदेश प्रवास सरकारच्या ‘वंदे भारत’ मोहिमेतल्या विमानांतून किंवा दोन देशांनी आपसात ठरवलेल्या मर्यादित उड्डाणांतून, म्हणजे एअर बबलमधूनच होता, म्हणजे नागपूरकराला बहुतेक वेळा आधी दिल्ली-मुंबई गाठणं आलंच. अशा वेळी नागपूर–दिल्ली आणि पुढचं उड्डाण एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त गैरहजर प्रवासी.

कोरोना तपासणीचा अहवाल किती जुना चालेल, त्या मुदतीतही याचा फरक पडायचा. भारताचा नियम ‘७२ तास’ होता, अमेरिकेचा सुरुवातीला ‘३ दिवस’ आणि ६ डिसेंबर २०२१ पासून ‘१ दिवस’. तास घड्याळाने मोजतात. दिवस तारखेने मोजतात, त्यात उड्डाणाची वेळ आड येत नाही. अमेरिकेला जाताना सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल आणि मधले थांबे २४ तासांहून मोठे नसतील तर मुदत पहिल्या उड्डाणापासून, म्हणजे नागपूरपासून मागे मोजली जायची. वेगळी तिकिटं असली की अमेरिकेला जाणाऱ्या शेवटच्या उड्डाणापासून. नागपुरात दिलेला स्वॅब एका बाबतीत चालायचा आणि दुसऱ्यात बाद ठरायचा, तो इतक्याशा फरकाने.

मधला देश निवडतानाही सांभाळा. २५ मार्च २०२० ला हाँगकाँगने विमान बदलण्यापुरतं थांबायलाही मनाई केली. तुमच्या मुक्कामाचा देश उघडा असला तरी मधला बंद झाला की रस्ता संपला.

तेव्हा लसीच्या प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच लागायचं, आणि पूर्ण जन्मतारीखही. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने कोविशिल्ड मान्य केली पण भारताचं प्रमाणपत्र नाही, त्यामुळे भारतातून जाणाऱ्याला दहा दिवसांचं विलगीकरण होतं, आणि भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिशांना तेच दहा दिवस लावले. ब्रिटनने ११ ऑक्टोबरपासून भारताचं प्रमाणपत्र मानलं आणि हा पेच सुटला.

परताव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑक्टोबर २०२० चा निकाल लक्षात ठेवा. टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटाचे पूर्ण पैसे तीन आठवड्यांत. आधी काढलेल्यांना पंधरा दिवसांत परतावा, आणि कंपनी अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंतचं क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरायची जमा रक्कम. त्याची रक्कम जून २०२० पर्यंत महिन्याला ०.५ टक्के आणि नंतर ०.७५ टक्के वाढणार होती, ते दुसऱ्याच्या नावे करता येणार होतं, आणि मुदतीत वापरलं नाही तर पैसे परत मिळणार होते. एजंटामार्फत काढलेलं असेल तर परतावाही एजंटाकडूनच येतो, म्हणून पावती, पीएनआर आणि कोणत्या तारखेला किती भरले याचा बँकेतला पुरावा तिकीट काढतानाच एका जागी जपून ठेवा.