'फक्त मित्र' ठेवूनही फोटो बाहेर कसा गेला

ताई, पोळ्याचा फोटो तुम्ही फेसबुकवर 'फक्त मित्र' असा ठेवला, तरी तो सासरच्या गावात फिरला आणि आता त्याच फोटोवर तुमच्या नावाचं दुसरं खातं निघालं, हे वाचून माझंच जुनं लचांड आठवलं. पासवर्डचं वगैरे कोणीही सांगेल, ते सोडतो.

फोटोत तुम्ही नणंदेला टॅग केलंय, असं तुम्हीच लिहिलं. फेसबुकवर 'मित्र' ठेवून टॅग केलं की, मुद्दाम बंद केलं नसेल तर, टॅग केलेल्याचे मित्रही फोटो पाहतात. नणंदेच्या यादीत अर्धं गाव असणारच.

खोट्या खात्याचं मूळ मात्र बहुतेक मित्रयादीत असतं. ती सगळ्यांना दिसत असली की भामट्याने फोटो उचलायचा आणि यादीतल्या एकेकाला रिक्वेस्ट धाडायची. माझ्या नावाने मावसभावाला मेसेज गेला, 'भैया अर्जंट है, पाँच हजार डाल दो.' आम्ही घरी वऱ्हाडीशिवाय बोलत नाही, तरी गड्याने पैसे टाकले! यादी 'फक्त मी' करा, आजच.

पैसे जायच्या आधीच मी तालुक्याला तक्रार द्यायला गेलो होतो. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. 'पैसे गेले का?' नाही म्हटलं. 'मग गेल्यावर या.' गेल्यावर गेलो, तर म्हणे पैसे भावाचे, तो दुसऱ्या जिल्ह्यात, आमची हद्द नाही. ऐन वेचणीचे दिवस, घरी मजुरांची बोंब, अन् मी बाकावर अर्ज धरून. साहेब जेवायला गेलेले. तिकडे खोटं खातं माझ्याच फोटोने लोकांना रामराम घालतंय. त्या काळात आणखी एक नातेवाईक फसला, त्याच्याशी बोलणं अजून तुटकच आहे.

म्हणून हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. कोणाचे पैसे गेले असतील तर त्याने आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, ठाणं नंतर. तोतया खात्याची तक्रार कंपनीकडेही करा. 2021 च्या आयटी नियमांत अशा तक्रारीवर कंपनीने 24 तासांत कारवाई करायची होती, 2026 च्या दुरुस्तीने ती मुदत आणखी कमी केली. मी वकील नाही, कलम एकदा जाणत्याकडून तपासून घ्या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. गावात रिक्वेस्ट नाकारायची सोय नाही. भासरे, कृषी केंद्रवाला, पतसंस्थेचा वसुलीवाला, सगळे 'मित्र'. काढून टाकलं की पुढच्या लग्नात पंगतीतच विचारतात, 'काऊन, आम्ही नको झालो का?' त्यापेक्षा अशांना फेसबुकच्या 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाका. मित्र म्हणून राहतात, पण तुमचं सार्वजनिक केलेलं किंवा त्यांना टॅग केलेलं तेवढंच त्यांना दिसतं, आणि यादीत टाकल्याचं कळत नाही. स्क्रीनशॉटला मात्र यातलं काही आडवं येत नाही.

व्हॉट्सॲप स्टेटसलाही निवडक लोक ठरवता येतात. कापसाच्या गाडीचा फोटो टाकला की संध्याकाळी उधारीवाले दारात, हे आमच्याकडे ठरलेलं.

खोटं खातं बंद व्हायच्या आत त्याचा दुवा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीला तेच लागतं. नणंदेचा टॅगही काढून टाका.