बाबांना काही कमी नाही, तरी म्हणतात आता जगून काय करू

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतोच, कधी फोनवर, कधी एखाद्या लग्नात कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं. बाबा घरी बसलेत, पैशाची ददात नाही, मुलं चांगली आहेत, तब्येत वयाच्या मानाने बरी, आणि तरी दिवसभर गप्प असतात, कशात रस नाही, मधेच म्हणतात आता जगून काय करायचंय. हे डिप्रेशन आहे की वयाचं आहे, आणि एखादा छंद लावला तर सुधारतील का?

याचं उत्तर मी एका काकांची गोष्ट सांगून देते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत आणि त्यांना विचारून लिहितेय.

काका ६६ वर्षांचे, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. पावसाळ्याच्या सुरुवातीला मुलगी घेऊन आली. आल्या आल्या म्हणाले, "म्हाका कांयच जावंक ना, हिणें हाडलां म्हूण आयलां." म्हणजे मला काही झालेलं नाही, हिने आणलं म्हणून आलो. आणि मग अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसले. मुलगीच बोलत होती, की रात्री तीनला उठून बसतात, जेवण निम्म्यावर आलंय, नातवाशी पूर्वी खेळायचे तेही बंद, आणि घरात सगळं आहे हो मॅडम, आम्ही त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही. हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी नुसतं ऐकून घेतलं, त्यात किती काय होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं.

मुलीला बाहेर बसवून मी त्यांना सरळ विचारलं, काका, मरणाचे विचार येतात का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. हे विचारायला घरचे फार घाबरतात, त्यांना वाटतं विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात येईल. तसं होत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. काका म्हणाले, तसलं काही करणार नाही, पण "देवान वेगीं व्हेलो जाल्यार बरें," देवाने लवकर नेलं तर बरं. आपल्याकडे म्हातारी माणसं असं बोलतातच म्हणून हे वाक्य सोडून द्यायचं नसतं. झोप गेलेली, भूक गेलेली, आवडीच्या गोष्टीतून मन उडालेलं, हे सगळं दोन आठवड्यांच्या वर चाललेलं असेल तर ते वय नसतं, आजार असू शकतो. म्हणून पहिल्यांदा साखर, थायरॉइड, बी१२ या तपासण्या करायला सांगितल्या आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळी सुरू केली.

पाच-सहा आठवड्यांत झोप आली, जेवणही आलं, मुलगी खूश. पण काका माझ्यासमोर बसून म्हणाले, झोपतो, खातो, उठतो, पण उठून करायचं काय? "म्हजो आतां कोणाक उपेग ना."

इथे माझं चुकलं ते सांगते. मी त्यांना यादी दिली. सकाळी फिरायला जा, गावात योगाचा क्लास आहे तिकडे जा, ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रूपमध्ये नाव घाला, भजनाला बसा. काका आज्ञाधारक माणूस, दोन आठवडे सगळं केलं आणि मग सोडलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बाय, हे सगळं माझा वेळ जावा म्हणून आहे. मी नाही गेलो तर कोणाचं काय अडतं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वही मिटली आणि त्यांना विचारलं, तुमच्यावाचून कोणाचं शेवटचं कधी अडलं होतं?

त्या दिवशी तास संपला तरी ते बोलत होते. काका २५ वर्षं खाणीवर पंप बघायचे. खाण खोल जाते तशी जमिनीतलं पाणी आत येतं, त्यात आपला पाऊस, पंप बंद पडला तर खड्डा भरतो आणि काम ठप्प. जुलैच्या रात्री त्यांना घरून उठवून न्यायचे. मोटरचा आवाज ऐकून ते सांगायचे बेअरिंग गेलंय की कुठे हवा धरतेय. मग २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. आपल्या भागात तेव्हा काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, दारात उभे ट्रक गंजले, बँकेचे हप्ते थकले, किती घरं हादरली. काका ५३ वर्षांचे, मुलगी बारावीत, मुलगा त्याहून लहान. मला वाटलं होतं त्यांच्या दुःखाचं मूळ इथेच असणार. पण ते म्हणाले, नाही, तेव्हा मला मस्त झोप लागायची. कुळागर, म्हणजे आमच्याकडची पोफळीची बाग, वडिलांच्या वेळचं होतं, अर्धं मोडलेलं, तेच धरलं. पाट साफ केले, पोफळी लावल्या, केळी, मिरी. सुपारी बागायतदार सोसायटीत घालायची आणि त्यातून मुलीची फी. काकी ब्लाउज शिवायच्या. हातात काही नव्हतं, पण सकाळी उठायला कारण होतं.

मोडले ते कधी, तर सगळं नीट लागल्यावर. मुलाला सरकारी नोकरी लागली, मुलीचं लग्न झालं, मुलाने घर नवीन बांधलं. गेल्या वर्षी पावसात शेवाळावरून घसरून काका कुळागरात पडले, हात फ्रॅक्चर, आणि तिथून घरच्यांनी ठरवलं की आता पुरे. कुळागर एकाला कंत्राटाने दिलं, पाण्याच्या मोटरला टायमर बसवला, स्कूटरची चावी कपाटात, बाजारहाट सून बघते. बाबा, खूप केलंत, आता आराम करा.

हे मुलांनी प्रेमाने केलं, यात मला जराही शंका नाही. पण आपण प्रेमाने माणसाच्या हातातली एकेक गोष्ट काढून घेतो आणि मग त्याला रिकामं वाटतं म्हणून छंद शोधायला निघतो. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात १९७६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोघींचा. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि एकेक रोपटं दिलं, याला पाणी तुम्ही घालायचं. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की तुमची काळजी घेणं आमचं काम, रोपटं दिलं तेही नर्स सांभाळेल म्हणून. थोड्या आठवड्यांनी बघितलं तर पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हुशारीत होती, जास्त आनंदी, लोकांत मिसळणारी. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटं मिळालंच होतं हो. पण ते रोपटं त्यांच्यावाचून मरणार नव्हतं.

मानसशास्त्रात जगण्याला अर्थ असणं याला मनाचं संरक्षण करणारा घटक म्हणतात. लोकांना हे ऐकून वाटतं की काहीतरी अध्यात्मातलं मोठं सापडायला हवं. तसं नाहीये. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावण्यांतून वाचले, आईवडील, भाऊ, बायको सगळे गमावून, आणि त्यांनी उपचाराची सगळी पद्धतच अर्थाच्या भोवती बांधली. ते म्हणायचे अर्थ तीन वाटांनी येतो, काहीतरी करण्यातून, कोणावर तरी माया असण्यातून, आणि जे दुःख टळतच नाही ते आपण कसं सोसतो त्यातून. अर्थ मोजायची एक प्रश्नावलीही आहे, मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांची, २००६ ची, फक्त १० प्रश्नांची. त्यात अर्थ असणं आणि अर्थ शोधत असणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात, कारण शोधत राहणारा माणूस कधीकधी जास्तच तळमळत असतो. म्हणून बाबांना "आयुष्याचा अर्थ शोधा" असं सांगून काही होत नाही. जपानमध्ये ४३ हजारांहून जास्त लोकांना एकच विचारलं होतं, तुमच्या जगण्यात काही इकिगाई, म्हणजे जगावंसं वाटायला कारण, आहे का, आणि ७ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. नाही म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, २००८ साली ते छापून आलं. अर्थात यातून सगळं सिद्ध होत नाही, आजारी माणसालाच अर्थ वाटेनासा होतो हेही खरं आहे. डिप्रेशन अर्थ पुसून टाकतं आणि अर्थ गेला की डिप्रेशनला जागा मिळते, दोन्हीकडून चालतं ते. म्हणून काकांची गोळी मी थांबवू दिली नाही, कोणीही स्वतःच्या मनाने थांबवू नये.

पुढच्या वेळी मी मुलगा, सून, मुलगी सगळ्यांना बोलावलं. मुलगा थोडा चिडला, म्हणाला पडले तर जबाबदारी कोणाची मॅडम? प्रश्न बरोबरच होता. तासभर बोलून असं ठरलं की शेवाळाच्या पायऱ्यांवर काकांनी एकट्याने उतरायचं नाही, पावसात तर नाहीच, पण पाण्याचं सगळं त्यांचं. टायमर काढायचा. कुठल्या पोफळींना कधी पाणी, झाडावर चढून सुपारी उतरवणाऱ्या पाडेल्याला कधी बोलवायचं, कंत्राटदाराचा हिशोब, हे काका ठरवणार आणि त्यात कोणी मधे पडायचं नाही, चुकलं तरी. हे शेवटचं मुलाला फार जड गेलं. घरात ज्याला चुकायची परवानगी नाही त्याच्याकडे खरं काम नसतं, हे मी त्याला तीनदा तरी सांगितलं असेन.

दुसरी गोष्ट मी ठरवलेली नव्हती, ती चवथीने, म्हणजे गणेश चतुर्थीने आणली. गणपतीच्या वर रानातली फळं-वेली टांगून माटोळी सजवतात, वाड्यावरची पोरं तिचं सगळं सामान बाजारातून आणायची, काकांच्या घरीही दोन वर्षं तसंच. शेजारचा कॉलेजमधला मुलगा त्यांना सहज विचारायला आला की कांगलां रानात नेमकी कुठे मिळतात. काका त्याला आणि आणखी तिघांना घेऊन डोंगराला गेले. कांगलां, कवंडळां, कुठल्या वेलीला कधी फळ धरतं, कुठली फळं नुसती दिसायला सुंदर पण तोंडात घालायची नाहीत. सगळी वेल ओरबाडायची नाही, पुढच्या वर्षीसाठी ठेवायची, हेही पोरांना दटावून सांगितलं म्हणे. पुढच्या सेशनला आले तेव्हा खिडकीबाहेर नाही बघितलं, मोबाइल काढून मला माटोळीचे फोटो दाखवत बसले, एकेक फळाचं नाव सांगत.

नंतर सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीनंतर त्यांना ताप आला, तीन आठवडे अंथरुणात, आणि ते जुनं गप्प बसणं परत आलं. काकी रडत फोनवर म्हणाल्या, गेलं सगळं पाण्यात. मी म्हटलं डॉक्टरांना दाखवा आणि थोडं थांबा. तेवढ्यात खालच्या कुळागरवाल्याची मोटर विचित्र आवाज करायला लागली, त्याने व्हिडिओ कॉल लावून मोबाइल मोटरला धरला. काकांनी पडल्या पडल्या ऐकलं, दोनदा परत ऐकवायला लावलं, म्हणाले बेअरिंग आहे, आताच बंद कर नाहीतर कॉइल जळेल. आणि संध्याकाळी काठी घेऊन स्वतः बघायला गेले.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर आधी आजार आहे का ते बघून घ्या, गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र फुकट चालतो, घरच्यांनीही लावला तरी चालतो. मरणाचं बोलणं वाढलं, औषधं साठवणं, निरवानिरव करणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी न्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आणि मग एकदा शांतपणे आठवून बघा, गेल्या दोन-चार वर्षांत त्यांच्याकडून तुम्ही काय काय काढून घेतलंत, चावी, हिशोब, बाजाराची पिशवी, देवाची पूजा, आणि त्यातलं काय परत देता येईल. छंदाचं त्यानंतर बघू.

परवा काकांच्या मुलीचा मेसेज आला. सुट्टीला माहेरी आलीय, सकाळी तिने बाबांना न विचारता मोटर चालू केली म्हणून ते तिच्यावर जाम रागावलेत, जेवतानाही बोलले नाहीत, आता काय करू मॅडम. मी लिहिलं, जा आणि विचार त्यांना, उद्या किती वाजता लावू.