शहरातले शिकारी पक्षी : वाचकांच्या शंका

या अंकासाठी आलेल्या पत्रांत शहरी वस्तीत दिसणाऱ्या शिकारी पक्ष्यांविषयीची पत्रे बरीच होती. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही मुंबईत प्रभादेवीला उंच इमारतीत राहतो. नोव्हेंबरपासून समोरच्या इमारतीच्या छज्जावर कबुतराहून मोठा, पाठीने करडा आणि डोळ्यांखाली काळ्या मिशा असल्यासारखा दिसणारा एक पक्षी बसतो. आमच्या बाल्कनीत कबुतराची पिसे पडतात आणि एकदा तर नुसते दोन पंखच सापडले. हा पक्षी वाट चुकून शहरात आला असेल का? वनखात्याला कळवावे का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा बहिरी ससाणा असावा. तो वाट चुकलेला नाही आणि त्याला पकडून नेण्यासाठी कोणाला बोलावण्याचीही गरज नाही. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे बहिरी ससाणे रशियाच्या उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात वीण करतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारतात उतरतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परत जातात. हिवाळी मुक्कामाची जागा ते सहसा बदलत नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षीही तो त्याच छज्जावर दिसण्याची शक्यता बरीच आहे. त्याचाच भाऊबंद असलेला शाहीन ससाणा मात्र बारमाही आपल्याकडे राहतो. तो आकाराने थोडा लहान, रंगाने गडद आणि पोटाकडे तांबूस असतो व सह्याद्रीच्या कड्यांवर अंडी घालतो.

ससाणे काटक्यांचे घरटे बांधत नाहीत. कड्याच्या कपारीत मातीत किंवा खडीत एक उथळ खळगा केला की त्यांचे काम भागते. त्यांना हवी असते उंच, निवांत आणि चहूबाजूंनी मोकळी दिसणारी बैठक आणि खाली उडणारे भरपूर पक्षी. या दोन्ही गोष्टी मुंबईच्या उंच इमारती पुरवतात. माणसे दाणे टाकतात म्हणून कबुतरे वाढतात आणि कबुतरे आहेत म्हणून ससाणा येतो. त्याच्यामुळे कबुतरे कमी होतील अशी आशा मात्र धरू नये. एका ससाण्याला दिवसाला एखादे कबुतर पुरते, आणि दाणे पडत राहिले की ती तूट भरून निघायला वेळ लागत नाही.

आपल्याला सापडलेले पंख फेकून दिले नसतील तर ते जरूर निरखून पाहावेत. दोन्ही पंख खांद्याच्या हाडांनी उरोस्थीला, म्हणजे छातीच्या हाडाला, जोडलेले असतील, त्या हाडावरचे मांस साफ खाल्लेले असेल आणि हाडाच्या पातळ कडेला त्रिकोणी खाचा पडलेल्या दिसतील. या खाचा त्याच्या चोचीच्या आहेत. ससाण्याच्या वरच्या चोचीला दोन्ही बाजूंनी एकेक दातासारखे टोक असते आणि त्याने तो भक्ष्याच्या मानेचे मणके तोडतो. उंचावरून पंख मिटून झेपावताना त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. हवेतच पायाचा तडाखा देऊन तो भक्ष्य धरतो, ठरलेल्या जागी नेतो आणि आधी पिसे उपटून मगच खायला लागतो. आपल्या बाल्कनीत येणारी पिसे ती हीच. इंग्लंडमधील काही शहरांत हे ससाणे रात्रीही, दिव्यांच्या उजेडात, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची शिकार करतात असे त्यांच्या बैठकीखाली सापडलेल्या अवशेषांवरून आढळले आहे.

आपण एवढेच करावे : छायाचित्रासाठी त्याच्या जवळ जाऊ नये, ड्रोन उडवू देऊ नये आणि बाल्कनीची कबुतरजाळी सैल असेल तर ती ताणून घ्यावी, कारण कबुतरामागे वेगाने आलेला पक्षी सैल जाळीत अडकतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील नारळाच्या झाडावर घारीचे घरटे आहे. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेल्यांच्या डोक्यावर ती झडप घालते. घरटे काढून टाकावे असा ठराव सभेत येणार आहे. आपले मत काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा ठराव कृपया मांडू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पक्ष्याची अंडी नष्ट करणे किंवा अंडी-घरटे विस्कटणे ही शिकारच मानली जाते. कायदा बाजूला ठेवला तरी तशी गरज नाही. घार झडप घालते ती घरट्यात पिल्ले असतानाच, आणि पिल्ले साधारण दीड-दोन महिन्यांत उडू लागतात. तेवढे दिवस गच्चीवर जाताना छत्री उघडून धरावी, त्या बाजूला लहान मुलांना एकटे पाठवू नये आणि पिल्ले उडाली की सारे आपोआप निवळते.

एक गोष्ट मात्र तपासून पाहावी. सोसायटीत कोणी घारींना मांसाचे तुकडे टाकते का, किंवा जवळ उघडा कचरा साचतो का? दिल्लीत, विशेषतः जुन्या दिल्लीत, घारींना मांस घालणे पुण्याचे मानले जाते आणि त्या शहरातील घारींची दाटी जगातील शिकारी पक्ष्यांच्या सर्वाधिक दाट वस्त्यांपैकी एक आहे. तेथील अभ्यासात असे आढळले की, जिथे माणसांकडून मिळणारे अन्न व कचरा अधिक, तिथल्या घारी घरट्याचे रक्षण करताना माणसांवर अधिक आक्रमकपणे धावून जातात. घारीला खाऊ घालणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याची किंमत शेवटी त्या घारीच्याच घरट्याला मोजावी लागते, हे त्यांना समजावून सांगावे.

प्रश्न : लंडनमध्ये टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या उंच धुराड्यावर बसणारे बहिरी ससाणे मी दुर्बिणीतून पाहिले. हे पक्षी एके काळी नाहीसे होण्याच्या मार्गावर होते असे ऐकले. मग शहरात ते मुद्दाम आणून सोडले का?
– एक वाचक, लंडन

उत्तर : ब्रिटनमध्ये ते स्वतःहून परतले, अमेरिकेत मात्र मोठ्या प्रमाणावर माणसांनी परत आणले. दुसऱ्या महायुद्धात निरोप नेणारी कबुतरे वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये ससाणे सरकारी आदेशाने मारले गेले होते, पण खरा घाला त्यानंतर पडला. 1967 मध्ये डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने संग्रहांत जपून ठेवलेल्या जुन्या अंड्यांची नव्या अंड्यांशी तुलना केली, तेव्हा 1947 च्या सुमारापासून अंड्यांची कवचे एकाएकी पातळ झाल्याचे दिसले. डीडीटीचा शेतीतील वापर तेव्हाच वाढला होता. हे विष कीटकांतून लहान पक्ष्यांत आणि तेथून ससाण्याच्या शरीरात साठत जाते आणि कवचाला कॅल्शियम मिळू देत नाही. परिणामी उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच अंडी फुटत होती. ज्या माणसांनी आयुष्यभर अंडी गोळा केली त्यांचा छंद आज कायद्याने बंद आहे, आणि तो बंद झाला हे योग्यच झाले, पण त्यांच्या संग्रहांशिवाय हा पुरावा उभा राहिला नसता.

अमेरिकेच्या पूर्व भागात 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वीण करणारे ससाणे उरलेच नव्हते. 1970 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील टॉम केड यांनी सहकाऱ्यांसह पेरेग्रिन फंड ही संस्था स्थापन केली आणि बंदिस्त जागेत वाढवलेली पिल्ले कडे, मनोरे व इमारतींवरून मोकळी सोडण्यास सुरुवात केली. 1972 मध्ये तेथे डीडीटीवर बंदी आली, 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या पुलांवर ससाण्यांची घरटी दिसली आणि 1999 मध्ये हा पक्षी तेथील संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला. त्याआधीही शहर त्यांना अगदीच परके नव्हते. मॉन्ट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर ससाण्यांचा मुक्काम 1930 च्या दशकापासून होता.

मुंबईकर वाचकांना यातून मलबार हिलवरची गिधाडे आठवतील. पारशी समाज जेथे मृतदेह पक्ष्यांसाठी उघड्यावर ठेवतो त्या डुंगरवाडीवर पिढ्यानपिढ्या येणारी ही गिधाडे आता तेथे येत नाहीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने, ती जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे 2004 मध्ये सिद्ध झाले आणि 2006 मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला हे नुकसान भरून काढणे फार कठीण जाते.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. घरात उंदीर फार झाल्याने विषारी वड्या ठेवणार आहोत. त्याचा घुबडांना त्रास होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, होईल. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. त्याचे रक्त गोठणे थांबते आणि मरेपर्यंत काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, म्हणजे नेमका घुबडाच्या हाती सापडतो. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून 2023 मध्ये सुटलेले फ्लाको नावाचे घुबड वर्षभर शहरात उंदरांवर व कबुतरांवर जगले. फेब्रुवारी 2024 मध्ये ते मेले तेव्हा तपासणीत त्याच्या शरीरात उंदीर मारण्याची चार वेगवेगळी विषे आणि कबुतरांपासून जडलेला विषाणू आढळला. आपण विषाऐवजी सापळे लावावेत, धान्य पत्र्याच्या डब्यांत ठेवावे आणि बिळे बुजवावीत. घुबडाची जोडी पिल्ले वाढवत असताना एका रात्रीत अनेक उंदीर आणते. आपल्या वाड्याला याहून चांगला राखणदार मिळणार नाही.

प्रश्न : संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेली घार सापडली तर काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोरा ओढू नये; पंखाच्या दोन्ही बाजूंनी तो कापावा आणि जखमेत रुतलेला भाग तसाच राहू द्यावा. पक्ष्यावर जाड कापड टाकून नखे सांभाळत त्याला उचलावे, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि पाणी, दूध किंवा अन्न काहीही तोंडात घालू नये. त्यानंतर राज्याच्या वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये देशभर बंदी घातलेली आहे. तो विकताना कोणी दिसल्यास पोलिसांकडे तक्रार करावी.